घरात माणसं किती

(पाळणाघर. दुपार. थोरली बहीण दुपट्यांच्या घड्या घालते आहे. धाकटी, आरोग्य केंद्रातली नर्स, लसींचा डबा खाली ठेवून दारातच उभी.)

थोरली : आत ये म्हणणार नाही. मुलं झोपलीत, आणि समोरच्या खिडकीतून बायका बघतायत.

धाकटी : बघू दे. ताई, मागच्या गल्लीत दोन मुलांना गोवर निघालाय.

थोरली : तीन. एक इथलंच. सकाळी घरी पाठवलं, अंग नुसतं भाजत होतं.

धाकटी : आणि निम्म्या घरांनी मला दार उघडलं नाही. आत पोर रडतंय, बाहेर मी कडी वाजवतेय.

थोरली : गेल्या वर्षी पटापट उघडली होती की.

धाकटी : तेव्हा तू बरोबर होतीस.

थोरली : होते ना. स्थानिक भागीदार. गळ्यात ओळखपत्र घालून मिरवले. बायका म्हणत होत्या, सरकारी माणसाला घरातलं कशाला सांगायचं. मीच म्हटलं, लसीची नोंदणी आहे, लेकरांच्या भल्याची आहे, खरं ते सांगा. एकेका खोलीत दोन-दोन संसार, तेही सांगून बसल्या बिचाऱ्या.

धाकटी : घरात मुलं किती ते कळल्याशिवाय लस किती मागवणार होतो आम्ही?

थोरली : मग मुलं विचारायची. एकूण माणसं किती, भाडं कोण भरतं, हे लसीला कशाला लागतं गं?

धाकटी : ते गृहनिर्माण खात्याने घालायला लावलं. नोंदणीचा खर्च त्यांनी उचलला होता. तेही भागीदारच.

थोरली : छान. मी माणसं जोडायची आणि त्यांनी खोल्या खाली करा म्हणून नोटिसा वाटायच्या. माझे अर्धे पाळणे रिकामे झाले. ती पोरं कुठे आहेत, कुणाला ठाऊक नाही.

धाकटी : मला खरंच माहीत नव्हतं.

थोरली : माहीत नव्हतं, की विचारलं नाहीस?

धाकटी : विचारलं असतं तर नोंदणीच झाली नसती, ताई. जे राहिले त्यांच्या मुलांना तरी लस मिळाली. त्यातल्या एकालाही गोवर नाही. आजारी आहेत ती नंतर राहायला आलेल्यांची.

थोरली : माहितेय. तोच तर राग आहे माझा. तुला धड शिव्याही घालता येत नाहीत.

धाकटी : मग चल ना आज. तुझ्या एका हाकेवर येतील.

थोरली : हाकेचं सांगू नकोस. परवा दुकानात शिरले, तर चौघी बोलता बोलता गप्प झाल्या. एकीचं बाळंतपण मी काढलंय.

धाकटी : म्हणजे येणार नाहीस.

थोरली : पोरांनी काय घोडं मारलंय माझं? येते. तू कोपऱ्यावर थांब. मुलं मी घेऊन येईन. मुलाचं नाव आणि लस, एवढंच लिही. बाकी एक अक्षर नाही.

धाकटी : पत्ता नको? दुसऱ्या डोसला शोधू कुठे त्यांना?

थोरली : सगळ्यांना इथला पत्ता घाल.

धाकटी : एवढी मुलं एका पत्त्यावर? गृहनिर्माण खातं उद्या तुझ्या दारात येईल.

थोरली : येऊ दे. मी बघेन काय सांगायचं ते. उचल डबा.

धाकटी : ताई...

थोरली : आणि त्या बायकांसमोर मला ताई म्हणू नकोस.