हेलिकॉप्टर सुटलेलं मिशन

तुम्ही समदी ऑनलाइन खेळताय, मी अजून एकट्यानं खेळायच्या स्टोरीवाल्या लढाईच्या गेमातच अडकलोय. त्याला कारण आमचे वडील, आण्णा. फौजेतनं रिटायर झाल्यावर उचगावच्या घरात माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे.

एका मिशनमध्ये आपला साथीदार गोळी लागून पडतोय आणि आपण पळत जाऊन हेलिकॉप्टर गाठायचं असतंय. मी पळालो की आण्णा ओरडायचे, "त्याला टाकून कुठं निघालास?"

"आण्णा, गेम हाय. त्याला उचलायचं बटणच न्हाय."

"मग थांब की त्याच्याजवळ. येतील आपली माणसं."

मी थांबायचो. कोण येत नव्हतं. हेलिकॉप्टर निघून जायचं, मिशन फेल. परत पहिल्यापासनं. आण्णा असेपर्यंत ते मिशन आमच्याकडनं झालंच न्हाय.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा एकटाच बसलो, सरळ पळालो, हेलिकॉप्टर गाठलं. चार मिनिटांत मिशन पास. मागनं कोण ओरडलं न्हाय.

मग तेच मिशन परत लावलं, आणि फेल होईपर्यंत त्या पडलेल्या गड्याजवळ बसून राहिलो.