बबनरावची टोकदार मोटर

…अन् वरून म्हने कसा, "गाडीत खोट नाही, खोट रस्त्यात हाये!" आता तुमीच सांगा बाप्पा, हसावं का कपाळ बडवून घ्यावं? वाशीमहून घरी केनवडले निंगालेली मोटर अर्ध्या वाटेत फुस्सकन बसली, पान्याची टाकी गळून राह्यली, मागचं चाक चपटं, बायको पदर डोक्यावर घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसेल, अन् बबनराव मोटरीच्या पाठीवर हात फिरवत म्हंते, खोट रस्त्यात हाये!

मोटर तरी कशी? दोघायपुरती. वर छत नाही, बाजूले दार नाही, लालभडक, समोरून रुंद अन् मागून निमुळती, पार टोकदार! कोन्या गोऱ्या साहेबानं शर्यतीसाठी विलायतेहून आनली, वापरून वापरून खुळखुळा केला, मंग एका वकिलाले देल्ली, वकिलानंही हात टेकले, अन् बबनरावनं हौसेनं उचलली! काहून? तं त्या साली कापसाची पऱ्हाटी चांगली पिकली होती म्हने! पीक चांगलं झालं का मानसाले खाज सुटतेच ना!

मंग सुरू झाल्या वाशीमच्या वाऱ्या. तिथं गुलाम नबी मिस्त्री, मोटर दिसली का दुरूनच हसे, "आइये बबनराव, आज क्या मर गया?" एकडाव ठिनगीच पडेना, त्यात शेळी विकल्या गेली. मंग बिरक मेले, त्यात बायकोचे, मनकर्णाबाईचे, हातातले चांदीचे गोट गेले. मंग हँडल मारता मारता उलटं फिरलं अन् बबनरावचं मनगटच मोडलं, त्याचे मात्र मिस्त्रीनं काहीच घेतलं नाही, "ये अपना काम नहीं" म्हने! मनकर्णाबाई कावली, "अवो, माही दुभती म्हैस गेली इच्या पोटात, आता मलेच घाला!" तं बबनराव काय म्हने? सांगा, काय म्हने? हां! खोट रस्त्यात हाये!

पन खरं दुखनं खर्चाचं नव्हतंच. खरं दुखनं होतं पुंजाजी! मनकर्णाबाईचा सख्खा भाऊ, गावातच राहे, अन् त्याची पांढरी बैलजोडी शंकरपटात, बैलायच्या शर्यतीत, पळाले साऱ्या मुलखात नावाजेल. मोटर बंद पडली का ओढून आनाले तेच जोडी मांगा लागे. अन् देताना पुंजाजी बोले कसा? चारचौघात, मोठ्यानं! "या जवाईबुवा, या! आज कुठं बसली तुमची म्हैस?" आता जवायाले काही मान असते का नाही? बबनराव मान खाली घालून दोर उचले. बैलायले तं इतकी सवय पडली, का मोटरीचं नाक दिसलं का आपल्याच मनानं जाऊन नाकापाशी उभे! बांधा दोर!

शेवटी एक दिवस पारावर पुंजाजी म्हने, "खोट रस्त्यात हाये ना? मंग या पटात. पटाची वाट पानी मारून, चोपून सपाट करेल असते. मोटर पुढं आली तं जोडी तुमची. मागं राह्यली तं मोटर माही. कोंबड्या बसवतो तिच्यात!"

पटाले ही गर्दी! बबनराव फेटा बांधून आला, मोटर जाग्यावर लावाले गेला, गेरचा दांडा ओढला अन्… कडाड्! वाशीमहून पट पाहाले आलेला गुलाम नबी खाली शिरला, तेलकट तोंडानं बाहेर आला, "आगे के सब गेर खलास. पीछे का एक जिंदा है." बबनरावनं तोंड उघडलं, "खोट रस…" अन् ते हातासारखी सपाट वाट दिसली त्याले.

मंग एकदम म्हने, "फिरवा मोटर! उलटीच नेतो!"

"नाही चालनार!" पुंजाजी उसळला, "तोंड पुढं पाह्यजे!"

पंच होते सेवादास नाईक. म्हातारा उठला, मोटरीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टोकावर काठी ठोकली. "नांगर कोन्या बाजूनं जमिनीत घुसते? टोकाच्या ना? मंग टोक हाये तेच तोंड! आजवर बबनरावच उलटी हाकत होते. म्हनून तं बिघडे!"

घ्या! आता पंचासमोर कोन बोलते?

मनकर्णाबाई पदर खोचून चढली शेजारी. पुंजाजी म्हने, "मने, भावावर उठली तू?" तं म्हने, "माहे गोट या गाडीत हायेत दादा, तुह्या बैलात नाहीत!"

धुरानं बैल बुजतीन म्हनून मोटर चार हात पुढं लावली, पुंजाजीच हसून म्हने, राहू द्या, चार हातानं काय होते! झेंडी पडली. मोटर खोकलत, थरथरत उलटी निंगाली, बैल तिरासारखे सुटले, आले, आले, अन् समोर काय? मोटरीचं नाक! सवयीचे बैल, नाकापाशी आले अन् तिथंच चिकटले! पुंजाजी ओरडे, शेपट्या पिरगाळे, पन बैल नाक सोडतीन तं शपथ! मोटर सरके तसे तेही दुडूदुडू तिच्यासंगं, एक पाऊल पुढं नाही! मनकर्णाबाई मागं पाहून वाट सांगे, "अवो, जेवाच्या हाताकडं! जेवाच्या!" अन् बबनरावचं तोंड पुंजाजीकडंच, एक हात कपाळाले लावून, "रामराम पुंजाजी! या, या, सावकाश या!"

जिंकला ना बाप्पा! गुलाल काय, हलगी काय, मिस्त्री तं पान्हा घेऊन नाचे! बबनरावनं मोटरीवर उभं राहून आरोळी ठोकली, "गाडीत…" अन् सारं रान ओरडलं, "खोट नाही!"

तेवढ्यात मोटर फुस्सकन बसली. अन् बैलायनं, कोनी न सांगता, पाठ फिरवली अन् दोरासाठी उभे राह्यले.

पन तवापासून, तुमाले सांगतो, बबनराव पुंजाजीच्या दारी कधी गेला नाही. कायले जाईन? जोडी घरचीच झाली. मोटर आता बिनघोर बंद पडते.