तलावातलं पाणी

डॉक्टर : तोंड मीट आता, बाळा. दादा, तू कुठं निघालास? थांब इथंच.

दादा : लेझर करणार आहेस ना पण? तूच म्हणालीस, ॲसिडनं झिजणारे दात त्यानं वाचतात.

डॉक्टर : लेझरनं वरचा थर घट्ट होतो. त्यावर फ्लोराइड लावलं की ॲसिड दात सावकाश खातं. सावकाश, दादा. खायचं थांबत नाही. आणि गेलेला थर काही परत येत नाही.

दादा : मग कर की! माझी मुलगी, तुझी भाची. परवानगी कुणाची हवीय?

डॉक्टर : या महिन्यात अशा दातांची ही पाचवी. पाचही जणांचे पुढचे दात कडेला काचेसारखे झालेत. पाचही जण तुझ्याच तलावात पोहतात. काल मी तिथल्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून आले.

दादा : माझ्या तलावावर? मला न विचारता?

डॉक्टर : विचारलं असतं तर बुडवू दिली असतीस? हा बघ रंग. पाणी आहे की लिंबाचा रस?

दादा : हळू बोल. बाहेर पेशंट बसलेत.

डॉक्टर : ऐकू देत! त्यातल्या एकीचा मुलगा रोज तुझ्याकडे येतो.

दादा : क्लोरीनच्या पाण्याचा तोल राखायला ॲसिड मोजून सोडणारा पंप बिघडलाय. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत मी हातानं ओततोय. चुकला असेल अंदाज एखाद्या दिवशी.

डॉक्टर : एका दिवसात दात असे होत नाहीत. कधीपासून ओततोयस?

मुलगी : आमची परीक्षा संपली तेव्हापासून.

दादा : तू गप्प बस गं!

मुलगी : अडीच महिने झाले, आत्या. साधं पाणी प्यायलं तरी आमचे सगळ्यांचे दात आंबतात. बाबांना सांगितलं, तर म्हणाले पेस्ट बदल.

दादा : स्पर्धा तोंडावर आलीय! तलाव बंद ठेवला तर पोरांनी सराव कुठं करायचा? बादलीत? वीस वर्षं शिकवतोय मी पोहायला. मुद्दाम केलं का मी?

डॉक्टर : वीस वर्षं शिकवतोयस म्हणूनच लोक डोळे मिटून पोरं सोपवतात तुझ्याकडे! आणि तू? स्वतःच्या मुलीला तेवढी गुपचूप इथं घेऊन आलास. म्हणजे कळत होतं तुला. बाकीच्या चौघांच्या आईबापांना मी काय सांगू?

दादा : त्यांनाही लेझर कर. मी सांगतो त्यांना यायला.

डॉक्टर : आणि संध्याकाळी परत त्याच पाण्यात उतरव! लाज कशी वाटत नाही रे तुला? मी इथं एकेका दाताला चिलखत चढवत बसू आणि तू तिकडं ओतत बस!

मुलगी : आत्या, मला नको लेझर.

दादा : वेडेपणा करू नकोस.

मुलगी : मला एकटीला नको. साडेचारला छोट्यांचा गट उतरेल, बाबा. त्यांचे पक्के दात आत्ता कुठं आलेत.

(दादा खिशातून फोन काढून तलावावरच्या मदतनिसाला लावतो.)

दादा : हॅलो... हो, मीच. छोटी पोरं आली का?... कुणालाही पाण्यात सोडू नकोस. आत असतील त्यांना बाहेर काढ... नाही, उद्याही नाही. सगळं पाणी सोडून द्यायचंय... आईबापांनी विचारलं तर? सांग, पाणी खराब झालंय... नाही, नको. तू काही सांगू नकोस. मी येतो. कुणी खराब केलं, ते मीच सांगतो.