अमृतचा व्हिडिओ

कोरेगाव स्टँडवर शिवतेज मांडीवर गिटार घेऊन बसला होता. त्याच्या पाठीमागच्या बाकड्यावर दोन पोरं कालच्या रॉकच्या कार्यक्रमाबद्दल बोलत होती.

"शिवतेजचा हात लय पळतो गड्या. एक सूर चुकला न्हाई."

"आन् अमृत?"

"त्याची तार तुटली. उरलेल्या तारांवर डोळं मिटून वाजवत बसला. दोनदा चुकला."

"मग शिवतेजच भारी की."

"व्हय. ह्यो बघ, त्याचा अख्खा व्हिडिओ."

"अमृतचा दाव."

"काढलाच न्हाई."

"का रं? मोबाईल हातातच हुता न्हवं?"

"हुता की. ध्यानातच आलं न्हाई."

"दुसऱ्या कुणी काढला असंल."

"सकाळपासनं सगळ्यास्नी इचारलं. कुणाकडंच न्हाई."

अमृतच्या चुका टिपायला म्हणून शिवतेज काल मोबाईल धरून स्टेजच्या कडेलाच उभा होता. आता त्यानं फोन उघडून पाहिला. त्यात अमृत नव्हता; ऐकता ऐकता त्याचंही बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.