तेहेतीस इंची टायर आणि शेपटीचा ठिपका

शेरिफचं ठाणं, हॅरो क्रीक, मोंटाना. तारीख १९ फेब्रुवारी.

नाव: मर्ल हॉगस्टॅड. वय: ६९ वर्षे. धंदा: धान्याच्या कोठारावर वजनकाट्याची नोकरी. राहणार: ओढ्यापलीकडचा मातीचा रस्ता, शेवटचं घर, हॅरो क्रीक.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी ट्रक चोरत नव्हतो. हे सर्वांत आधी लिहून घ्यावं. जुन्या गाड्यांचे व्यापारी रेक्स डॅनफर्थ यांनी आज दुपारी ठाण्यात फोन करून कळवलं की, एक म्हातारा विक्रीच्या ट्रकमध्ये आतून कुलूप लावून बसला आहे आणि खाली उतरत नाही. मी आत बसलो होतो हे खरं आहे. उतरत नव्हतो हेही खरं आहे. पण ट्रक माझा आहे, आणि स्वतःच्या ट्रकमध्ये बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

सदर ट्रक मी आणि माझी बायको आर्डिस यांनी वीसेक वर्षांपूर्वी नवा घेतला. रंग गव्हाळ, पुढे सलग एकच बाक, मागे उघडा हौदा. कंपनीचे टायर एकतीस इंची होते. आमच्या घरापर्यंतचा रस्ता मातीचा आहे आणि बर्फ वितळलं की त्याची लापशी होते. त्या लापशीत मी दोनदा रुतलो आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. शेजारी नुसता हसला. त्यानंतर मोठे टायर घ्यायचं ठरलं. मी ठरवलं, असं लिहावं. आर्डिसचं म्हणणं होतं, "आहेत त्यांना काय धाड भरलीय?"

लॉयड केसलरच्या टायरच्या दुकानात मी पस्तीस इंची टायरवर हात फिरवत उभा राहिलो. मला तेच हवे होते. लॉयड म्हणाला, "मर्ल, तुझं लग्न झालंय ना? मग पस्तीसचा नाद सोड. ट्रक उंच करून घ्यावा लागेल, वळताना टायर आतून घासेल, पेट्रोल पिईल ते वेगळंच. रोज कामावर न्यायची गाडी आहे ही, जत्रेत मिरवायची नाही." मी त्याला म्हटलं की तू टायर विक, सल्ले विकू नकोस.

आर्डिसची उंची जेमतेम पाच फूट. तिला विचारलं तर पाच फूट एक इंच. ती दुकानात आली तीच चर्चच्या कपड्यांत, हातात बटाट्याच्या हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्यांचं, झाकलेलं भांडं घेऊन. चर्चमधल्या जेवणाला न्यायचं होतं ते. लॉयडच्या आवारात पस्तीस इंची टायरचा एक ट्रक उभा होता. त्याच्या पायरीकडे तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे बघ मर्ल. मी ह्याच कपड्यांत, हातात हे भांडं घेऊन, कुणाचाही हात न धरता जिच्यात चढेन ती गाडी आपली. बाकीची तुझी एकट्याची. मग तू आणि तुझे टायर बसा गप्पा मारत."

पस्तीस तिथेच बाद झाले. लॉयडने आमच्या ट्रकला तेहेतीस इंची एक जोडी तात्पुरती चढवून दाखवली. आर्डिस चढली. चढताना 'हुं' असा आवाज आला. तो मी ऐकला आणि लॉयडनेही ऐकला, पण तिने शेवटपर्यंत कबूल केला नाही.

आता राहिली टायरची नक्षी. चिखलाचे टायर जाड गाठींचे असतात आणि डांबरावर मोठ्याने घुमतात. ते मला पसंत होते. आर्डिस म्हणाली, "मला रेडिओवर हवामान ऐकायचंय, आणि तुला मी काय म्हणते ते ऐकायचंय." तेव्हा मधल्या नक्षीचे घेतले, चिखलातही चालतील आणि रस्त्यावरही गप्प राहतील असे. जड मालाचे कडक टायर लॉयडनेच नको म्हटले, कारण त्यांच्यावर प्रत्येक खड्डा कण्याला कळतो. आर्डिसने भांड्याचं झाकण दाबून धरलं आणि म्हणाली, "कण्याचं राहू दे, माझ्या बटाट्यांचं बघा."

त्यानंतर मी चिखलात रुतलो नाही. शेजाऱ्याच्या घरासमोरून जाताना मी हॉर्न वाजवत असे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. लॉयड म्हणतो की त्याने सांगितली होती. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन तुडवतं. वेगाचा मीटर फक्त फेरे मोजतो, जमीन मोजत नाही. म्हणून काटा कमी दाखवतो आणि गाडी जास्त धावते. हायवेला ताशी पासष्ट मैलांची मर्यादा आहे. काटा पासष्टवर ठेवून मी निवांत चाललो असता तेव्हाचे डेप्युटी शेरिफ हॅरल्ड ओस्टगार्ड यांनी मला थांबवलं. विचारलं, "मर्ल, किती वेगात होतास?" मी म्हटलं, पासष्ट. ते म्हणाले, "माझं यंत्र एकोणसत्तर म्हणतंय." आर्डिस पलीकडून वाकून म्हणाली, "हॅरल्ड, तुझ्या यंत्राला म्हणावं, मी ह्यांना लग्नापासून हेच सांगतेय."

त्यांनी ताकीद देऊन सोडलं आणि मीटर दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. त्यासाठी गिअरबॉक्सजवळचं एक छोटं दातेरी चाक बदलावं लागतं. आर्डिस म्हणाली, त्याला कशाला एवढा खटाटोप. तिने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. चेरीसारखं लाल होतं ते, आणि एरवी फक्त कुणाच्या लग्नालाच निघे. शाळेजवळ गावाने वेग दाखवणारी पाटी लावली आहे. त्या पाटीवर पंचवीस येईपर्यंत तिने मला तिथून फेऱ्या मारायला लावल्या. पाटीवर पंचवीस आले तेव्हा काटा जिथे होता तिथे, मीटरच्या काचेवर, तिने ठिपका दिला.

दुसरा ठिपका हायवेवर दिला. हॅरल्ड आपली गाडी पुढे पासष्टने चालवत होते आणि मी मागे अंतर राखून होतो. आर्डिस माझ्या पुढ्यात वाकून ब्रश टेकवत होती. हे हॅरल्डना माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी आम्हा दोघांनाही आत टाकलं असतं. नेमका तेव्हाच ओढ्यावरच्या पुलाचा सांधा आला आणि ट्रक उडाला. त्या ठिपक्याला शेपूट आलं. मी खरडून नीट करतो म्हटलं तर म्हणाली, "हात लावून बघ."

तेव्हापासून आमच्यात बोलणंच तसं पडलं. मी वेग वाढवला की ती रेडिओवरून कान न काढता म्हणायची, "मर्ल, शेपटीला आला." घरात मी जेवताना घाई केली तरी तेच म्हणायची. एकदा पास्टरच्या लांबलेल्या प्रार्थनेत मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हाही हळूच म्हणाली होती. आणि कधीकधी म्हणायची, "अरे, जरा सावकाश. मागे काय काय टाकत चाललायस ते तरी बघ." मी बघत नसे. मला कोठारावर पोचायचं असे.

आर्डिस दोन हिवाळ्यांपूर्वी वारली. हा जबाब लिहून घेणाऱ्या डेप्युटीचं म्हणणं पडलं की त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. मी म्हटलं, असू दे ती ओळ. मला तिची रोज आठवण येते, आणि ट्रकमध्ये सर्वांत जास्त येते.

ट्रक गेल्या नोव्हेंबरात चोरीला गेला. मी तो सहकारी दुकानासमोर चालू ठेवून कुत्र्याचं खाणं आणायला आत गेलो होतो. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत सगळेच तसं करतात. बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईलच याचा भरवसा नसतो. गाडी बंद करून कुलूप लावून जाणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर मनात काळंबेरं असलेला. मी बाहेर आलो तर ट्रकच्या जागी बर्फात नुसता कोरडा चौकोन होता. मी त्या चौकोनात उभा राहिलो. चोरीची तक्रार त्याच दिवशी याच ठाण्यात दिली आहे.

त्यानंतर मी शेजाऱ्याच्या गाडीतून कामावर जातो. तो अजूनही नुसता हसतो. पण किती दिवस जाणार? म्हणून आज डॅनफर्थ यांच्या आवारात जुना ट्रक बघायला गेलो. त्यांनी एक काळा ट्रक दाखवला. कंपनीच्या मापाचे लहान टायर, बाकाला नवं आवरण. बाहेरून मला काहीही ओळखीचं वाटलं नाही. चढायला पाय सवयीने उंच उचलला तर पायरी खालीच राहिली आणि मी अडखळलो. आत बसून किल्ली फिरवली. मीटरचा दिवा लागला आणि काचेवर दोन लाल ठिपके दिसले. एकाला शेपूट होतं.

किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. डॅनफर्थ खिडकीशी येऊन म्हणाले, "आवडलेला दिसतोय! बसा, बसा, घाई नाही." मग माझी नजर कुठे आहे ते पाहून म्हणाले, "ते डाग होय? कुण्या पोराने रंग सांडलाय. थांबा, थिनरचं फडकं आणतो, चुटकीसरशी जातील."

ते फडकं आणायला वळले तेव्हा मी दोन्ही दारं आतून लावली. त्यांनी काचेवर टकटक केली, नंतर हाका मारल्या, नंतर शिव्या दिल्या. मी काच खाली केली नाही. त्यांना मी एकही वाईट शब्द बोललो नाही.

थोड्या वेळाने डेप्युटी ब्रेना ओस्टगार्ड तिथे आली. ही हॅरल्ड यांची मुलगी. ती म्हणाली, "मिस्टर हॉगस्टॅड, आधी काच खाली करा बघू." मी आतूनच म्हटलं, "पोरी, आधी त्या माणसाच्या हातातलं फडकं काढून घे." तिने ते घेतलं. मग मी काच खाली केली.

ट्रकला कुणीतरी नव्याने काळा रंग दिला आहे आणि त्यावरचे क्रमांक घासून काढलेले आहेत. डॅनफर्थ म्हणतात की त्यांनी तो लिलावात रीतसर घेतला. त्यांचं त्यांनी सांगावं. ब्रेना मला म्हणाली, "नेलपॉलिशचा डाग कुणाच्याही गाडीत असू शकतो हो." मी म्हटलं, "डाग असू शकतो. पण तो कुठे आहे ते बघ. एक पंचवीसच्या जरा अलीकडे, दुसरा एकसष्टवर. एकसष्टची पाटी ह्या मुलखात कुठे पाहिलीस तू?" ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे टायर मोठे होते." मी म्हटलं, तेहेतीस. ती म्हणाली, "बाबा जेवताना सांगायचे. मागच्या गाडीतली बाई त्यांना आरशात दिसली होती, ब्रश घेऊन वाकलेली. त्यांनी दिसलंच नाही असं दाखवलं."

हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. आर्डिसला कळलं असतं तर ती आठवडाभर हसली असती.

ट्रक तपासासाठी ठाण्यात आणायचा होता. ब्रेना चालवायला बसली आणि मी पलीकडे बसलो. त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. नव्या आवरणाखाली बाक तिथे थोडा खचलेला आहे. हायवेला लागल्यावर ब्रेनाने वेग घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेपटीला आला." तिने पाय सैल केला आणि काटा ठिपक्यावर ठेवला. म्हणाली, "पण मिस्टर हॉगस्टॅड, लहान टायरवर हे एकसष्टच आहेत. आपण चार मैलांनी हळू चाललोय." मी म्हटलं, चालू दे. मागच्या गाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या. ओढ्याच्या वळणावर कॉटनवुडची झाडं आहेत आणि त्यांतल्या एका झाडावर गरुडाचं घरटं आहे. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने रोज जातो, ते घरटं मी आज पाहिलं. आर्डिस त्याबद्दल सांगायची. मला वाटायचं, बोलायचं म्हणून बोलते.

शाळेजवळ ब्रेनाने काटा पहिल्या ठिपक्यावर ठेवला, तेव्हा पाटीवर तेवीस आले. ती म्हणाली, "मोठ्या टायरवर हेच पंचवीस झाले असते," आणि तिने ते लिहून घेतलं. ट्रक माझा आहे याला माझ्याकडे दुसरा पुरावा नाही, आणि मला दुसऱ्याची गरज वाटत नाही.

ट्रक परत मिळाल्यावर पुन्हा तेहेतीस इंची टायर घेणार का, म्हणजे ठिपके बरोबर येतील, असं डेप्युटीने विचारलं. टायरच्या मापासाठी ठाण्यातून लॉयडला फोन केला, त्यालाही तेच विचारायचं होतं. माझं उत्तर असं की, टायर आहेत तेच राहतील. चिखलात रुतलो तर शेजाऱ्याला हसू दे. आर्डिसला पहिल्यापासून हेच टायर हवे होते. आणि आता तिच्या ठिपक्यावर काटा ठेवला की गाडी खरोखरच हळू चालते.

वरील मजकूर डेप्युटी ब्रेना ओस्टगार्ड हिने मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'ठिपके चुकीच्या जागी' असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडलं आहे. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ट्रक आवारात असेपर्यंत काच कुणीही पुसू नये.

मर्ल हॉगस्टॅड (सही)