राहून गेलेला समुद्र

समुद्राचं नाव काढू नका बाई माह्यासमोर! गावात मोटारबी येत नव्हती त्या वक्ती गावकऱ्याईसंग आमचं दोघांचं मुंबईहून बोटीनं द्वारकेले जाचं ठरलं होतं. मी गाठोडंबी बांधलं. अन् ऐन वेळी आमच्या ह्यांनी विमावाल्याले घरी आनलं.

तो म्हने, "बाई, बोट बुडाली अन् तुमी गेल्या, तं पैसे तुमच्या मालकाले भेटतीन."

ह्यांनी इचारलं, "अन् दोघंबी बुडालो तं?"

"मंग पोराईले."

सासूबाई आतून कडाडल्या, "निघाच्या टायमाले बुडाचं नाव काढलं! आता कोनी जाचं नाई."

विमाबी राह्यला अन् बोटबी. मी गाठोडं सोडलं. गावातले बाकी सारे द्वारका करून सुखरूप आले.

आता वैनगंगेले पूर आला का हे मले काठावर नेतात अन् म्हनतात, "पाह्य, समुद्र असाच रायते."

जसा काई ह्यांनी पाह्यलाच आहे!