यंत्राला सांगायचं राहिलं

मार्लीन : टोबीकाका, फोन पिठाच्या डब्यात?

टोबी : तिथून बोंबलला तरी ऐकू येत नाही.

मार्लीन : म्हणून डायलिसिस चुकवलंत! उत्तरच नाही, तर दवाखान्यातून गाडी कशी पाठवणार? पाय बघा केवढे सुजलेत.

टोबी : सुजू देत. दवाखान्याचा फोन आला की ती बया नाव घेते, माझ्या बायकोचं. दुखवटा सरेपर्यंत गेलेल्याचं नाव घेतात का कुणी? ती गेल्यापासून वस्तीत कुणी ते उच्चारलेलं नाही, आणि ही सकाळी सकाळी!

कुन्मानारा : आजोबा, ती मलाच हाक मारते. आजीचं नि माझं नाव एकच ना. म्हणून तर आता सगळे मला कुन्मानारा म्हणतात, गेलेल्याचं नाव असलेल्या कुणालाही म्हणतात तसं. दुकानातला गोरासुद्धा शिकला. आणि मी समजत होते फोन हरवला!

मार्लीन : दवाखान्यातही आम्ही सगळे सांभाळून बोलतो गं. यंत्राला सांगायचं राहिलं. चूक आमची, काका.

टोबी : यंत्राला काय कळतंय, कोण गेलं नि कोण राहिलं?

मार्लीन : नाहीच कळत. त्याचं बोलणं आधीच ठरलेलं असतं, फक्त नावाची जागा मोकळी. फोन लावताना यंत्र कागदावरचं नाव उचलून तिथे घालायचं. आता मी वेगळा रकाना केलाय, 'हाक मारायचं नाव'. यापुढे तिथूनच उचलेल.

टोबी : ऐकल्याशिवाय खरं नाही.

मार्लीन : मग लावते. हवं तर बाहेर जा.

टोबी : नको. बसतो.

(फोन वाजतो. बाहेर कुत्री भुंकतात.)

फोन : नमस्कार, कुन्मानारा. आज तुमच्या आजोबांचं डायलिसिस आहे. गाडी हवी असेल तर एक दाबा.

कुन्मानारा : बरोबर म्हणाली! आजोबा, ऐकलंत?

टोबी : हं. ॲलिस स्प्रिंग्ज शहरातल्या बायकांसारखी नाकात बोलते. पण वळण लागलं म्हणायचं.

कुन्मानारा : मग दाबू?

टोबी : दाब, दाब. आणि माझं ब्लँकेट घे, तिथे गारठून जातो मी. मार्लीन... ते आधीचं नाव पुसलंस?

मार्लीन : नाही, काका. कागदावर आहे तसंच आहे. फक्त यंत्र ते घेणार नाही.

टोबी : राहू दे. काही वर्षांनी, दुखवटा सरला की, हिला मीच त्या नावानं हाक मारीन.